बंदूक रंगवा, पण तिचा डोळा सोडून

प्रश्न: अकरा वर्षांच्या मुलासाठी मी लेझर टॅगच्या, म्हणजे न दिसणाऱ्या झोताने एकमेकांवर नेम धरायच्या खेळाच्या, चार बंदुकांचा संच घेतला. चारही बंदुका एकाच करड्या-हिरव्या रंगाच्या असल्यामुळे कोणती कोणत्या गटाची हे मुलांना कळेना, आणि चिरंजीवांना त्या ‘खऱ्यासारख्या’ दिसायला हव्या होत्या. म्हणून जुलैच्या अखेरीस हार्डवेअरच्या दुकानातून काळ्या आणि सोनेरी रंगाचे स्प्रेचे डबे आणून मी गॅलरीत दोन बंदुका रंगवल्या. तीन आठवडे झाले तरी त्यांची मूठ चिकटच आहे, अंगावरचा रंग नखाने निघतो आणि एकीवर पांढुरकी छटा आली आहे. सगळ्यांत वाईट म्हणजे त्या दोन्ही बंदुकांना आता गोळी ‘लागत’च नाही. घरात माझी आई असते, तिला दम्याचा त्रास आहे. रंगाच्या वासावरून बोलणी खावी लागली ती वेगळीच. या बंदुका सुधारता येतील का? उरलेल्या दोन रंगवू की नको? दिवाळीच्या सुट्टीत मुलाचे मित्र खेळायला यायचे आहेत.
– एक वाचक, इंदूर

उत्तर: तुमच्या दोन्ही बंदुका सुधारण्यासारख्या आहेत आणि उरलेल्या दोन रंगवायलाही माझी हरकत नाही. मात्र तुम्ही लिहिलेल्या चार तक्रारींची कारणे चार आहेत आणि त्यांतले एकही स्प्रे मारण्याच्या हातोटीशी संबंधित नाही. रंगाला हात घालण्यापूर्वीची कामे राहून गेली, म्हणून रंग बिघडला.

सुरुवात गोळी न लागण्यापासून करू, कारण मुलांच्या दृष्टीने खेळ तिथेच थांबला आहे. घरगुती संचातल्या बंदुकीतून लेझर निघत नाही. टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तसा अवरक्त प्रकाश सोडणारा एक छोटा एलईडी तिच्या नळीत बसवलेला असतो, त्याच्यापुढे झोत बारीक करणारे भिंग असते, आणि समोरच्याच्या बंदुकीवर किंवा छातीवरच्या पट्ट्यावर तो झोत टिपणारा सेन्सर असतो. हा प्रकाश साधारणपणे 940 नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या पलीकडचा असतो, आणि तो सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करत असल्यामुळे सेन्सर त्याला खोलीतल्या इतर उजेडापासून वेगळा ओळखतो. या सेन्सरवर बहुधा काळपट किंवा गडद तांबड्या प्लॅस्टिकची खिडकी बसवलेली असते. ती आपल्याला पार बंद दिसते, पण तिच्यातला रंग फक्त दिसणारा प्रकाश अडवतो आणि अवरक्त प्रकाशाला आरपार जाऊ देतो. उलट डब्यातल्या काळ्या रंगात बहुतेक वेळा काजळीचे कण असतात आणि ते दोन्ही प्रकार शोषून घेतात. काळ्या खिडकीवर काळाच रंग बसल्याने बाहेरून काही फरक दिसला नसेल, पण बंदुकीचा डोळा मात्र मिटला.

हाच बिघाड आहे की दुसरा, याची खात्री तुमच्या घरीच करता येईल, कारण दोन बंदुका अजून कोऱ्या आहेत. कोऱ्या बंदुकीने रंगवलेलीवर नेम धरा आणि मग उलट करून पाहा. रंगवलेलीने झाडलेली गोळी कोरीला लागत असेल, तर नळीतला एलईडी ठीक आहे आणि दोष फक्त खिडकीचा आहे. तीही लागत नसेल, तर नळीतल्या भिंगावरही रंगाचा फवारा बसलेला आहे. मोबाइलचा कॅमेराही या कामी येतो. नळी कॅमेऱ्याकडे धरून घोडा दाबला की पडद्यावर जांभळट ठिणगी चमकायला हवी. काही मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्यात अवरक्त प्रकाश गाळणारी काच असते, म्हणून आधी टीव्हीचा रिमोट धरून कोणत्या कॅमेऱ्यात ठिणगी दिसते ते पाहून ठेवा. ही तपासणी घरात किंवा संध्याकाळी करा. भर उन्हात सूर्याच्याच अवरक्त प्रकाशामुळे या बंदुकांचा पल्ला निम्म्याहून कमी होऊ शकतो, आणि मग उन्हाचा दोष रंगाच्या माथी बसतो.

खिडकी साफ करायला थिनर, पेट्रोल किंवा नखांवरचा रंग काढायचे द्रावण चुकूनही वापरू नका. त्यांतल्या विद्रावकांनी स्वच्छ प्लॅस्टिक दुधट होते आणि त्यावर केसासारख्या भेगा पडतात, ज्या मग कशानेच जात नाहीत. औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घ्या, खिडकी हलक्या हाताने पुसा आणि लगेच कोरड्या कापडाने टिपा. ती अल्कोहोलमध्ये बुडवून मात्र ठेवू नका. कडेला अडकलेला रंग दात कोरायच्या लाकडी काडीने खरवडता येतो. शेवटी बारीक ओरखडे राहिलेच, तर साध्या पांढऱ्या टूथपेस्टने बोटभर कापडावर घासून ते बरेचसे जातात.

आता नखाने निघणारा रंग. खेळण्यांचे कवच बहुधा एबीएस किंवा पॉलिस्टायरिनचे असते, आणि काही स्वस्त संचांत ते पॉलिप्रॉपिलिनचे असते. पहिली दोन प्लॅस्टिके रंग धरतात. पॉलिप्रॉपिलिनचा पृष्ठभाग मात्र इतका मेणचट असतो की रंग त्यावर नुसता पांघरल्यासारखा पडून राहतो आणि संधी मिळताच पापुद्र्याने सुटतो. आपले प्लॅस्टिक कोणते हे ओळखल्याशिवाय पुढचा डबा विकत घेणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे आहे. कवच उघडले की आतल्या बाजूला बहुतेक वेळा एबीएस किंवा पीपी (म्हणजे पॉलिप्रॉपिलिन) अशी अक्षरे इंग्रजीत कोरलेली दिसतात, किंवा त्रिकोणात आकडा असतो: 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, 6 म्हणजे पॉलिस्टायरिन. काहीच खूण नसेल, तर कोऱ्या बंदुकीच्या बॅटरीचे झाकण काढा, त्यावरची धातूची पट्टी आणि स्क्रू बाजूला करा, आणि थोडा साबण मिसळलेल्या पाण्यात ते बुडवून त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने झटका. पॉलिप्रॉपिलिन पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे झाकण वर येते. एबीएस आणि पॉलिस्टायरिन पाण्यापेक्षा किंचित जड असल्यामुळे ते तळाशी बसते.

झाकण तरंगले, तर तुम्हाला पॉलिप्रॉपिलिनसाठीचा खास प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवण्यासाठी आधी द्यायचा थर, लागेल. मोटारींचे बंपर बहुधा याच जातीच्या प्लॅस्टिकचे असतात, त्यामुळे बंपर रंगवणारे कारागीर तो रोज वापरतात. सियागंजात रंगाच्या दुकानात नुसते ‘प्रायमर द्या’ म्हटले, तर लोखंडाचा लाल किंवा करडा प्रायमर हातात पडण्याची शक्यता आहे, म्हणून ‘बंपरसाठीचा प्लॅस्टिक प्रायमर’ असे स्पष्ट सांगा आणि डब्यावर पॉलिप्रॉपिलिनचा उल्लेख आहे का ते वाचून घ्या. झाकण बुडाले, तर साधा प्लॅस्टिक प्रायमर पुरतो. पृष्ठभाग नीट घासलेला असेल तर कित्येकदा तोही लागत नाही.

मुठीचा चिकटपणा ही तिसरी गोष्ट आणि तिचे कारण बहुधा असे असावे की मुठीवर हाताला मऊ लागणारा रबरासारखा थर आहे. मऊ पीव्हीसी आणि तत्सम प्लॅस्टिकांत ती मऊ राहावीत म्हणून तेलकट रसायने मिसळलेली असतात. ती हळूहळू वर येऊन रंगात मुरतात आणि रंग तीन आठवडेच काय, तीन महिन्यांतही वाळत नाही. याच्यावर वरून काही मारून उपयोग नाही. मुठीवरचा रंग पूर्ण काढा आणि मूठ आहे त्या रंगातच राहू द्या. दोन दिवस खेळले की मुलांच्या घामाने मुठीचा रंग नाही तरी टिकत नाही.

आधीचा रंग सगळाच काढायला हवा असे मात्र नाही. रंगलेल्या भागावर ब्लेडने बारीक आडव्या-उभ्या रेघा ओढून सहा-सात चौकटींची जाळी करा, तिच्यावर पॅकिंगची टेप घट्ट दाबा आणि एका झटक्यात ओढा. चौकटी टेपबरोबर आल्या, तर तो सगळा थर काढायला हवा, आणि त्याच टेपने तो बराचसा निघेलही. चौकटी जागच्या जागी राहिल्या, तर तो भाग 400 नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात घासून सपाट करा आणि त्यावरच पुढचा रंग द्या. कडेला उरलेला रंग अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने झाकून अर्धा तास ठेवला आणि जुन्या टूथब्रशने घासला, तर अॅक्रिलिक रंग सुटतो. एनॅमल, म्हणजे तेलरंगाच्या जातीचा रंग, सहसा सुटत नाही. त्याला वॉटर पेपरच लावावा लागतो.

बंदूक उघडण्यापूर्वी बॅटऱ्या काढा आणि दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. बाजूच्या स्क्रूंची लांबी सारखी नसते. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की कवचाला बाहेरून टेंगूळ येते. म्हणून एका पुठ्ठ्यावर बंदुकीची आकृती काढून ज्या जागचा स्क्रू त्याच जागी पुठ्ठ्यात खोचून ठेवा. शेवटचा स्क्रू काढताना बंदूक परातीत ठेवा, कारण घोड्याची स्प्रिंग उडाली की ती सोफ्याखालीच जाते. सर्किट, स्पीकर आणि वायरी अलगद काढता आल्या तर उत्तम. सोल्डर केलेल्या असतील तर त्यांना हात न लावता कवचाचा दुसरा अर्धाच रंगवा आणि हा अर्धा मास्किंग टेप व वर्तमानपत्राने झाका. काही कवचे कारखान्यातच जोडून बंद केलेली असतात. ती पेचकसाने उचकटायच्या भानगडीत पडू नका, बाहेरूनच टेप लावून काम भागवा. सेन्सरची खिडकी, नळीचे तोंड, स्पीकरची जाळी आणि चार्जिंगचे छिद्र यांवर टेप बसवून कडा नखाने दाबून घ्यायला विसरू नका. घोडा ज्या खाचेतून सरकतो ती खाच आणि बॅटरीच्या झाकणाच्या कडा यांवरही रंग नको, कारण रंगाच्या चार हातांची जाडी तिथे नडते आणि घोडा अर्ध्यावर अडकतो.

कोऱ्या प्लॅस्टिकवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या तेलाचा अंश असतो, म्हणून कवच भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुवून पूर्ण वाळवा, 600 नंबरच्या वॉटर पेपरने चकाकी जाईल इतपतच घासा, आणि त्यानंतर त्याला उघडा हात लावू नका.

पांढुरकी छटा ही पावसाळ्याची करामत आहे. फवारलेल्या रंगातले द्रावण झपाट्याने उडते, त्यामुळे पृष्ठभाग थंड होतो, आणि हवा ओलसर असेल तर तिच्यातली वाफ त्या ओल्या रंगावरच थिजते. जुलै-ऑगस्टमध्ये इंदुरात हे टाळणे जवळपास अशक्य आहे. तुमच्यापुढे दिवाळीपर्यंत वेळ आहे, तेव्हा पाऊस ओसरेपर्यंत घासण्या-धुण्याची कामे उरका आणि ऑक्टोबरात आभाळ कोरडे असलेला एखादा दिवस रंगासाठी ठेवा. माळव्याच्या रात्रींचे कौतुक सगळे करतात, पण रंगासाठी मी सकाळची नऊ ते अकरा ही वेळ सुचवीन. दव उडालेले असते, ऊन चढलेले नसते आणि वारा धूळ उडवायला लागलेला नसतो. कडक उन्हात रंगाचे कण वाटेतच सुकतात आणि पृष्ठभाग रव्यासारखा खरखरीत होतो.

प्रत्यक्ष फवारणीबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. आतली गोळी खुळखुळू लागल्यानंतरही डबा दोन मिनिटे हलवा. नोझल आणि कवच यांत वीतभर अंतर ठेवा. फवारा कवचाच्या बाहेर सुरू करा, एका दमात आडवा न्या आणि पलीकडे बाहेर गेल्यावरच बोट उचला. पहिला हात इतका विरळ हवा की खालचे प्लॅस्टिक दिसत राहिले पाहिजे. ज्याला पहिल्याच हातात सगळे झाकायचे असते, त्याच्याच कामावर ओघळ येतात. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक असे तीन-चार पातळ हात द्या. पुढचा हात किती वेळात द्यावा किंवा किती तासांनंतरच द्यावा हे डब्यावर लिहिलेले असते. एनॅमलच्या बाबतीत ते पाळलेच पाहिजे, कारण अर्धवट वाळलेल्या थरावर दुसरा थर आला की खालचा उचलला जातो आणि सुरकुत्या पडतात. एनॅमलवर लॅकर मारल्यासही तेच होते, म्हणून प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक थर शक्यतो एकाच कंपनीचे आणि एकाच जातीचे घ्या. रंग बोटाला लागेनासा झाला, पण पुरता कडक झाला नाही, अशा वेळी टेप तिरकी ओढून काढा. त्यानंतर कवच आठवडाभर तसेच राहू द्या आणि मगच स्क्रू पिळा.

आता आईंच्या दम्याविषयी, आणि इथे मी तुमच्यापेक्षा आईंच्या बाजूने आहे. गॅलरीत फवारलेला रंग दारातून घरातच येतो. वास ही केवळ गैरसोय नसते, ती उडणाऱ्या द्रावणाची वाफ असते, आणि दमेकऱ्याला तिच्यामुळे झटका येऊ शकतो. काम इमारतीच्या गच्चीवर एका मोठ्या खोक्यात करा, आणि रंगवलेले भागही दोन दिवस तिथेच आडोशाला वाळू द्या, कारण वाळतानाही वाफ निघतच असते. तुमच्यासाठी साधा कापडी किंवा एन-95 मास्क पुरणार नाही. तो कण अडवतो, वाफ नाही. सक्रिय कोळशाच्या डब्या बसवलेला, सेंद्रिय वाफांसाठीचा मास्क घ्या. दोन घटक मिसळून वापरायचा पारदर्शक थर, जो काही डब्यांत बुडाची कळ दाबून सुरू करतात, तो तुमच्या घरात येताच कामा नये. त्यात आयसोसायनेट असतात, आणि वाहने रंगवणाऱ्या कामगारांना दमा जडण्याच्या प्रमुख कारणांत त्यांची गणना होते. डब्यातला वायू स्वयंपाकाच्या गॅसइतकाच ज्वालाग्राही असतो, तेव्हा जवळपास उदबत्ती, समई किंवा सिगारेट नको. डबे 50 अंशांपुढे तापू देऊ नयेत, म्हणून ते उन्हातल्या मोटारीत ठेवू नका, आणि दिवाळीत पणत्या व फटाके यांपासून लांब ठेवा.

मुलांच्या सुरक्षिततेबद्दल एक गोष्ट ध्यानात घ्या. भारतात 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, आणि त्यामागच्या चाचण्यांत शिसे व कॅडमियमसारख्या धातूंची तपासणी येते. पण ती तपासणी कारखान्यातून निघालेल्या खेळण्याची असते, तुम्ही वर चढवलेल्या रंगाची नव्हे. घरगुती आणि सजावटी रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावे, असा 2016चा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. औद्योगिक उपयोगाच्या रंगांना तो लागू नाही, आणि झगझगीत पिवळ्या-नारंगी छटांत शिशाचे क्रोमेट वापरण्याची जुनी रीत आहे. म्हणून डब्यावर ‘शिसेविरहित’ असे लिहिलेले असेल तरच घ्या. घरात तोंडात वस्तू घालणारे लहान मूल असेल, तर रंगवलेली बंदूक त्याच्या हाती देऊ नका.

राहिला तुमच्या चिरंजीवांचा हट्ट. सगळी बंदूक काळी करून ती खरीखुरी दिसावी ही कल्पना मला मान्य नाही, आणि ते मी सौम्य करून सांगणार नाही. अमेरिकेत 1989 पासून खेळण्यातल्या बंदुकीच्या नळीवर नारंगी टोक असणे कायद्याने आवश्यक आहे, आणि तिकडे माल पाठवणाऱ्या कारखान्यांमुळे तसे टोक आपल्याकडच्या संचांतही दिसते. 2014 मध्ये क्लीव्हलँड शहरात एका बागेत बारा वर्षांचा मुलगा खेळण्यातले पिस्तूल घेऊन खेळत होता. त्यावरची नारंगी खूण निघून गेलेली होती आणि पोलिसांनी खरे शस्त्र समजून त्याच्यावर गोळी झाडली. इंदुरात असे होईल असे मी म्हणत नाही, पण संध्याकाळच्या अंधारात वस्तीतल्या एखाद्या माणसाने घाबरून आरडाओरडा करावा, इतके कारण तरी मुलांच्या हातात का द्यावे? तुमच्या बंदुकांना असे टोक असेल आणि त्यावरही काळा रंग गेला असेल, तर तो काढून नारंगी पूर्ववत करा.

शिवाय तुमची मूळ अडचण गट ओळखण्याची होती आणि त्यासाठी अख्खी बंदूक रंगवायची गरजच नाही. कवचाच्या दोन्ही बाजूंचे सपाट भाग आणि नळीवर दोन बोटे रुंदीचा एक पट्टा, एवढे रंगवले तरी बागेच्या दुसऱ्या टोकावरून गट कळतो. एका गटाला निळा आणि दुसऱ्याला पिवळा द्या. लाल-हिरवी जोडी टाळा, कारण काही मुलांना त्यांतला फरक दिसत नाही आणि हे त्यांचे त्यांनाही ठाऊक नसते. सोनेरी रंग उरलाच आहे तर मुलाला स्टेन्सिल कापून त्याचा आकडा किंवा आद्याक्षर कवचावर उठवू द्या; स्टेन्सिल कापणे आणि टेप लावणे ही कामे अकरा वर्षांचा मुलगा उत्तम करतो, डबा मात्र तुमच्याच हातात असू द्या. धातूसारखे चमकणारे रंग सेन्सरपासून दोन बोटे लांबच ठेवा. त्यांतले अॅल्युमिनियमचे किंवा पितळेचे कण खिडकीवर उडाले, तर तेही झोत परतवतात.

उरलेल्या दोन कोऱ्या बंदुका आत्ताच रंगवू नका. आधी या दोन सुधारा, आणि त्या जोडल्यावर कोऱ्या जोडीबरोबर घरात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गोळी लागते का ते पाहा. पल्ला चौघींचा सारखा निघाला की मगच पुढच्या जोडीला हात घाला.

रिकाम्या डब्यांचे काय करावे हे तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगून ठेवतो. त्यांना भोक पाडू नका आणि जाळू नका. डबा उलटा धरून उरलेला वायू गच्चीवर निघून जाऊ द्या. आपल्या शहरात कचरा सहा प्रकारांत वेगळा घेतला जातो, त्यांतल्या घरगुती घातक कचऱ्यात हे डबे द्या, आणि देताना गाडीवरच्या माणसाला त्यात काय आहे ते तोंडाने सांगा.